बेळगाव ते दिल्ली : अंतर किती आणि वेळ किती?

आपल्या भागातील व्यापाऱ्याच्या मुलास दुकानाच्या गादीवर बसण्यापूर्वी दोन गोष्टी शिकाव्या लागतात. एक माप आणि दुसरी मुदत. माल किती हे मापाने कळते आणि पैसा केव्हा हे मुदतीने कळते. या दोहोंपैकी एकात जरी चूक झाली तरी वर्षअखेरीची तेरीज जुळत नाही. प्रवासाचेही तसेच आहे. अंतर हे प्रवासाचे माप आणि वेळ ही त्याची मुदत होय. परंतु मालाच्या बाबतीत जी दक्षता आपण घेतो ती प्रवासाच्या बाबतीत घेत नाही. ऐकीव आकड्यांवर विसंबून आपण निघतो आणि मग उशीर झाला म्हणून दैवाला दोष देतो. यास्तव या वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही हा साधा विषय अभ्यासासाठी घेतला आहे.

बेळगाव किंवा निपाणीहून दिल्ली किती लांब, असा प्रश्न आज कोणास विचारला तर "अडीच तास" असे उत्तर मिळते. आमच्या तरुणपणी याच प्रश्नाचे उत्तर "दोन रात्री" असे होते. आणि पायी विहार करणाऱ्या मुनिसंघास विचारावे तर "चार महिने आणि वाटेत वर्षायोग आला तर आणखी चार" असे उत्तर येईल. ही तिन्ही उत्तरे खरी आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत. ती अपुरी कशी, हे क्रमाने पाहू.

अंतर कोणते धरावे?

दोन गावांमधील अंतर एकच असते असा आपला समज असतो. वस्तुतः ते निदान तीन प्रकारचे असते. पक्षी सरळ उडत गेला तर जेवढे भरेल ते एक, सडकेने जेवढे होते ते दुसरे आणि लोहमार्गाने जेवढे होते ते तिसरे.

प्रथम सरळ अंतर काढू. हे काढण्यास मोठे गणित लागत नाही. शाळेतील भूगोल आणि भूमिती पुरे होते. बेळगावचा सांबरा विमानतळ सुमारे १५ अंश ५२ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि दिल्लीचा विमानतळ सुमारे २८ अंश ३४ मिनिटांवर. दोहोंतील फरक १२ अंश ४२ मिनिटे, म्हणजे एकूण ७६२ मिनिटे होतो. अक्षांशाच्या एका मिनिटाइतकी पृथ्वीवरील लांबी म्हणजे एक सागरी मैल, तो १.८५२ किलोमीटरांचा असतो. तेव्हा दिल्ली आपल्यापासून उत्तरेस ७६२ सागरी मैल आहे, हे नकाशावर पट्टी न ठेवताही कळते.

आता पूर्वेकडील सरक पाहू. रेखांशांतील फरक सुमारे २ अंश २९ मिनिटे, म्हणजे १४९ मिनिटे आहे. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात. म्हणून आपल्या आणि दिल्लीच्या मधल्या पट्ट्यात रेखांशाचे एक मिनिट पुरता सागरी मैल भरत नाही, सुमारे ०.९३ मैल भरते. या हिशेबाने पूर्वेकडील सरक १३८ सागरी मैल झाली. उत्तरेकडील ७६२ आणि पूर्वेकडील १३८ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू धरल्या म्हणजे कर्ण सुमारे ७७४ सागरी मैलांचा निघतो. १.८५२ ने गुणले की सुमारे १,४३० किलोमीटर. हे झाले आकाशातील अंतर. सातवीआठवीतील मुलांकडून हे उदाहरण घरी सोडवून घ्यावे, अशी पालकांस विनंती आहे. स्वतः काढलेला आकडा विसरला जात नाही.

सडकेने हेच अंतर सतराशे ते अठराशे किलोमीटर भरते, कारण सडक घाट, नद्या आणि शहरे पाहून वळते. लोहमार्गाने ते दोन हजार किलोमीटरांच्या वर जाते, कारण गोवा एक्सप्रेससारखी गाडी बेळगावहून मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ अशी वळसे घेत दिल्लीस पोहोचते. म्हणजे एकाच दिल्लीचे एक अंतर दुसऱ्याहून सहाशे किलोमीटरांनी अधिक आहे. बेळगाव ते मुंबई जाऊन पुन्हा वाटेवर येण्याइतका हा फरक आहे.

अंतर अधिक लांबचे असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० आणि मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर जो मार्ग दिसतो त्या मार्गाने विमान जात नाही. ते बरेच उत्तरेकडून जाते. याचे कारण पृथ्वी गोल आहे. मुलांच्या पृथ्वीगोलावर मुंबई व न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि तोच सर्वांत जवळचा मार्ग असतो. नकाशा कागदावर पसरताना उत्तरेकडील प्रदेश ताणला जातो, म्हणून जवळची वाट तेथे लांबची भासते.

अडीच तास कसे होतात?

जेट विमान उंचावर गेल्यानंतर ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. १,४३० ला ८०० ने भागले तर पावणेदोन तासांच्या थोडे वर वेळ निघतो. मग वेळापत्रकात अडीच तासांच्या आसपास आकडा का असतो? कारण विमान सर्व वाट त्या वेगाने जात नाही. जागेवरून हलून धावपट्टीच्या टोकापर्यंत ते बैलगाडीहून थोड्याच अधिक वेगाने सरकते. उड्डाणानंतर तीसपस्तीस हजार फुटांपर्यंत चढण्यास वीसपंचवीस मिनिटे जातात. उतरण्याची तयारी तर गाव दीडदोनशे किलोमीटर दूर असतानाच सुरू होते. शिवाय आकाशातही आखलेले मार्ग आहेत. सर्व विमाने सरळ रेषेत सोडली तर टक्कर व्हावयाची. दिल्लीसारख्या गर्दीच्या ठिकाणी उतरण्यासाठी रांगही असते. वेळापत्रकात छापलेला काळ हा चाकांपुढील अडसर काढल्यापासून दुसऱ्या गावी तो पुन्हा लावीपर्यंतचा असतो, निव्वळ उड्डाणाचा नव्हे.

लहान पंख्यांची विमाने ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास जातात. म्हणून तिकीट काढताना विमान कोणते आहे हेही पाहावे. जवळच्या अंतरास फारसा फरक पडत नाही. लांबच्या अंतरास पडतो.

आमच्या घरची एक चूक

येथवरचा भाग शाळेतील धड्यासारखा झाला. तो आम्ही का लिहिला याचे कारण आता सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्ष महिन्यात निपाणी येथे आमचे थोरले बंधू पहाटे सहाच्या सुमारास शांतपणे गेले. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, नोकरीनिमित्त दिल्लीस होता. सव्वासहास आम्हीच त्याला फोन केला. तो रडत म्हणाला, "काका, मी निघालोच. विमान दोनअडीच तासांचे. बारापर्यंत घरी येतो. माझ्यासाठी थांबा." आम्ही "थांबतो" म्हणालो. जमलेल्या मंडळींस आम्हीच सांगितले की मुलगा बारापर्यंत येतो आहे. कोणीही कागद-पेन्सिल घेतली नाही. आयुष्यभर रोजमेळ लिहिणारे पाचसहा जण तेथे बसलो होतो, पण एकानेही हिशेब केला नाही.

त्या काळी सांबऱ्यास दिल्लीहून थेट विमान नव्हते. मुलाने मिळेल त्या विमानाने पुणे गाठले आणि तेथून मोटार केली. बारा वाजले, दोन वाजले. वहिनी दारासमोर बसून होत्या; रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की मान वर करीत. मुलगा दर अर्ध्या तासाने फोन करून "आलोच" म्हणत होता. सूर्यास्तापूर्वी संस्कार होणे आवश्यक होते. अखेर पाच वाजता मंडळी निघाली. मुलगा सव्वासातला पोहोचला.

रात्री आम्ही तो हिशेब मांडला, जो सकाळी मांडावयास हवा होता. घरून निघण्याची तयारी एक तास. दिल्लीतील विमानतळापर्यंत सव्वा तास. विमानतळावर तपासणी व थांबा पावणेदोन तास. विमान दोन तास दहा मिनिटे. पुण्यास बाहेर पडण्यास पस्तीस मिनिटे. पुणे ते निपाणी सुमारे पावणेतीनशे किलोमीटर सडक, गर्दीसह सव्वासहा तास. एकूण तेरा तास. सव्वासहात तेरा तास मिळवले की सव्वासात येतात. अगदी मिनिटाला मिनिट जुळले. विमान त्यात केवळ एक षष्ठांश होते.

पुतण्या कोणत्याही उपायाने सूर्यास्तापूर्वी येऊ शकत नव्हता. ते आम्हास सकाळी साडेसहालाच कळले असते. मग त्याला तसे स्पष्ट सांगता आले असते, त्याची समजूत घालता आली असती आणि एका वृद्ध स्त्रीला दिवसभर दाराकडे डोळे लावून बसावे लागले नसते. उशीर झाला याचे दुःख त्या घराला फारसे राहिले नाही. खोटी आशा दिली गेली याचे मात्र राहिले. ती आशा दिल्लीहून आली असली तरी तिच्यावर शिक्का आमचा होता. म्हणून हा लेख.

घर ते घर असा हिशेब

ऑक्टोबर २०२३ मध्ये बेळगावहून दिल्लीस थेट विमान सुरू झाले, ही आपल्या भागाच्या दृष्टीने मोठी सोय होय. आता असे थेट विमान धरून निपाणीच्या व्यापाऱ्याचा हिशेब पुन्हा मांडू.

निपाणीहून स्तवनिधीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती या वाटेने बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आणि तेथून सांबरा शहराच्या पूर्वेस दहाएक किलोमीटर. या सर्वांस पावणेदोन तास धरावेत. विमानतळावर दोन तास आधी पोहोचावे; विमान सुटण्यापूर्वी बराच वेळ आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते आणि मग गयावया करून उपयोग नसतो. विमानाचे अडीच तास. दिल्लीस सामान घेऊन बाहेर पडण्यास पाऊण तास. तेथून चांदणी चौक किंवा सदर बाजारापर्यंत सव्वा तास. एकूण सव्वाआठ तास होतात. त्यांपैकी हवेतील अडीच आणि जमिनीवरील पावणेसहा. रेल्वेने बेळगाव ते दिल्ली सुमारे पस्तीस तास लागतात. म्हणजे विमानाने खरोखरच मोठी बचत झाली. मात्र ती "अडीच तासांची दिल्ली" नव्हे, सव्वाआठ तासांची दिल्ली होय.

आता हाच हिशेब मुंबईस लावून पाहू. सांबरा ते मुंबई आकाशमार्गे सुमारे ४०० किलोमीटर. विमानास सव्वा तास धरला तरी जमिनीवरील वेळ साडेपाच तासांच्या आसपासच राहतो आणि एकूण पावणेसात तास होतात. निपाणीहून रात्रीची बस सुमारे आठ तासांत मुंबईस नेते आणि ते तास झोपेत जातात. शिवाय मुंबई उत्तरेस असताना निपाणीकराने आधी पंचाहत्तर किलोमीटर दक्षिणेस जावयाचे, हेही विचित्रच. त्याला कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ अधिक जवळ पडतो. तेथे सोयीचे विमान असेल तर हिशेब पुष्कळ बदलतो.

या दोन उदाहरणांची तुलना करा. दिल्ली मुंबईच्या साडेतीन पट दूर आहे, परंतु विमानाने वेळ केवळ दीड तास अधिक लागतो. कारण उघड आहे. विमानप्रवासातील जमिनीवरचा वेळ हा दुकानाच्या भाड्यासारखा आहे. विक्री एक रुपयाची होवो की लाखाची, भाडे तेवढेच. हवेतील वेळ हा मालाच्या किमतीसारखा, विक्रीप्रमाणे वाढणारा. म्हणून थोड्या अंतरास विमान महाग पडते, पैशानेच नव्हे तर वेळानेही. दूरच्या अंतरास तेच स्वस्त पडते. दुकानाचे भाडे विसरून नफा काढणारा व्यापारी जसा फसतो, तसाच विमानतळावरील तास विसरून प्रवास आखणारा फसतो.

मागे वळून पाहता

हे अंतर आपल्या पूर्वजांनी कसे तोडले याचा थोडा विचार केला म्हणजे आजच्या सोयीची किंमत कळते. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळील भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज (१८७२–१९५५) १९२७ च्या सुमारास संघासह दक्षिणेतून पायी निघून सम्मेदशिखरापर्यंत आणि पुढे दिल्लीपर्यंत गेले. मुनींना वाहन वर्ज्य. दररोज पंधरा किलोमीटर चालले असे धरले तर अठराशे किलोमीटरांस १२० दिवस लागतात आणि पावसाळ्याचे चार महिने एकाच ठिकाणी राहावे लागते. त्या वेगाने दिल्ली दूर असली तरी वाटेतील प्रत्येक गाव जवळ होते, हेही विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावास लोहमार्ग आला आणि महिन्यांचे दिवस झाले. तो मार्ग अरुंद मापाचा होता. उत्तरेकडे जाणारा माल पुण्यास एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. पुणे-मिरज मार्ग १९७१ साली रुंद झाल्यावर ही उतरचढ मिरजेस आली आणि मिरजेच्या पुढचा मार्ग रुंद होण्यास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडले. ज्यांनी त्या काळी फुटलेल्या पेट्यांचे आणि भिजलेल्या पोत्यांचे हिशेब केले आहेत, त्यांना अंतरापेक्षा मधली बदली अधिक खर्चाची असते हे सांगावे लागणार नाही. निपाणीस तर रेल्वे नाहीच. तेथील तंबाखूचा सर्व व्यापार सडकेवरच वाढला.

भारतातील नियमित हवाई टपालाचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या लहान विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू गाठले. आपला सांबरा विमानतळ १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश हवाई दलाने बांधला. युद्धासाठी केलेल्या त्या धावपट्टीने पुढे व्यापाऱ्यांची, विद्यार्थ्यांची आणि रुग्णांची सोय केली. तेथील नवी इमारत सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला एअर इंडियाचे पहिले विमान निघाले; ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले आणि १० जूनला पोहोचले. आज तेच अंतर नऊदहा तासांत संपते. त्यापूर्वी बोटीने जावे लागे. १८६९ साली सुएझ कालवा उघडला तेव्हा आफ्रिकेचा वळसा टळून मुंबई-लंडन जलमार्ग चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी कमी झाला. पृथ्वी तीच होती, शहरे तीच होती. वाट बदलताच अंतर बदलले.

वारा, धुके आणि बंद वाटा

वेळ केवळ अंतरावर अवलंबून नसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर मोठ्या उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यामुळे पूर्वेकडे जाणारे विमान लवकर पोहोचते आणि पश्चिमेकडे येणारे उशिरा. मुंबईहून लंडनला जाताना जो वेळ लागतो त्याहून परत येताना सहसा कमी लागतो. आपली बेळगाव-दिल्ली वाट मुख्यत्वे दक्षिणोत्तर असल्याने हा वारा बाजूने लागतो आणि जाण्यायेण्याच्या वेळेत मोठा फरक पडत नाही.

परंतु दिल्लीचे धुके आपल्याला सोडीत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत तेथे दाट धुके पडते. विमाने रखडतात, कधी दुसऱ्या गावी वळवली जातात. सकाळचे एक विमान रखडले की त्याच विमानाच्या दिवसभराच्या सर्व फेऱ्या रखडतात. म्हणून आपल्याकडे स्वच्छ ऊन असताना सांबऱ्यास विमान का येत नाही याचा उलगडा होत नाही. तसेच आपल्याकडे आषाढ-श्रावणात ढग खाली उतरतात आणि पाऊस संततधार लागतो. त्या दिवसांत उलट प्रकार घडतो.

कधी वाटच बंद होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले आणि जुलैपर्यंत दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांस वळसा घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांवर तीच वेळ पुन्हा आली. शहरे जागची हलली नाहीत, पण त्यांमधील तास वाढले.

परदेशच्या प्रवासात घड्याळही फसवते. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास असते. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची छापलेली असते. दोहोंची नुसती वजाबाकी केली तर प्रवास आहे त्याहून फारच लहान किंवा मोठा वाटतो. प्रथम दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणाव्यात आणि मग वजाबाकी करावी.

मर्यादेचे व्रत

अंतराचा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत सांगितले आहे. दहा दिशांना आपण कोठवर जाऊ याची आजन्म मर्यादा घालून घेणे म्हणजे दिग्व्रत. थोड्या काळापुरती त्याहून लहान मर्यादा घालणे म्हणजे देशव्रत. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत वरच्या दिशेची मर्यादा ओलांडणे हा एक, एका दिशेची मर्यादा कमी करून दुसरीकडे वाढवून घेणे हा एक आणि घातलेली मर्यादा विसरून जाणे हाही एक आहे. ज्या काळी आकाशात कोणी जात नव्हते त्या काळी ऊर्ध्वदिशेचाही विचार झाला होता, याचे आम्हास कौतुक वाटते.

हे व्रत कोणी घ्यावे किंवा न घ्यावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्हास येथे एवढेच दाखवावयाचे आहे की मर्यादा घालण्यास प्रथम अंतर माहीत असावे लागते. आपण कोठवर पोहोचू शकतो आणि किती वेळात, हे ज्यास ठाऊक नाही तो शब्द देताना हमखास चुकतो. मर्यादा विसरणे हा दोष मानला गेला तो उगीच नव्हे.

वाचकांस सूचना

आता प्रत्येक घराने करावयाची चार कामे सांगून हा लेख संपवितो.

पहिले, ज्या ज्या शहरी आपली मुले, लेकी-सुना अथवा पेढ्या आहेत, त्या प्रत्येक शहराचा घर ते घर हिशेब एका कागदावर मांडून ठेवावा. त्यात पाच खाने असावेत : घरापासून विमानतळ, तेथील थांबा, हवेतील वेळ, उतरल्यानंतरचा वेळ आणि शेवटची सडक. विमानाची वेळापत्रके मार्चच्या व ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. तेव्हा वर्षातून दोनदा तो कागद पुन्हा तपासावा.

दुसरे, दोन विमाने बदलून जावयाचे असेल आणि तिकिटे वेगवेगळी असतील तर मध्ये निदान तीन तास ठेवावेत. पहिले विमान चुकल्यास दुसरे आपल्यासाठी थांबत नाही आणि पैसेही बुडतात.

तिसरे, ज्या दिवशी पोहोचावयाचे त्याच दिवशी महत्त्वाची भेट, सुनावणी अथवा सौदा ठेवू नये. विशेषतः पौष-माघात दिल्लीस जाताना एक दिवस आधी जावे. एका रात्रीचे भाडे बुडालेल्या सौद्याहून स्वस्त असते.

चौथे, घरच्यांना वेळ सांगताना नेहमी उशिराची सांगावी. आठला येणारा सातला आला तर घराला आनंद होतो; सातला येणारा आठला आला तर तो एक तास घरच्या वडीलधाऱ्यांच्या जिवावर जातो. हुंडीची मुदत देताना आपण हेच करतो. जी निश्चित पाळता येईल तीच देतो. घरच्या माणसांना दिलेली वेळ ही हुंडीच आहे.

आमच्या पुतण्याने तो कागद आता आपल्या दिल्लीच्या घरी कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. वर्षातून दोनदा तो आकडे बदलतो आणि आईस फोनवर वाचून दाखवतो. सध्याचा त्याचा आकडा सव्वाआठ तासांचा आहे. वहिनी तो ऐकून घेतात आणि नऊ तास असे धरून ठेवतात.